कासवाचा नंबर आधी

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वसुंधराताईंनी वर्षानुवर्षे भिशी चालवली. दर महिन्याला सगळ्याजणींनी पैसे घालायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिने रक्कम न्यायची. मात्र कोणाच्या घरी ऑपरेशन किंवा बाळंतपण आले, की तिचा नंबर आधी लागे. त्यावर कधी कोणी तोंड वाकडे केले नाही.

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे गोत्रीला आल्या आणि तिथल्या निसर्गमंडळाच्या खजिनदार झाल्या. मंडळ गणपतीत तीन दानपेट्या मांडी: मगर, सारस आणि कासव. मगरीची पेटी भरून वाहायची, सारसाचेही बरे चाले. कासवाच्या वाट्याला मुलांची चिल्लर. यंदा विश्वामित्री नदीच्या काठावर कासवांची घरटी कुत्री उकरत होती. जाळी आणि राखणदार लगेच मिळाले नाहीत, तर एकही पिल्लू वाचणार नव्हते.

बैठकीत ताई म्हणाल्या, "तिन्ही पेट्या एकत्र करा. ज्याची गरज थांबू शकत नाही, त्याचा नंबर आधी."

अध्यक्ष तात्यासाहेब हसले. "वसुंधराबाई, ही काय बायकांची भिशी आहे?"

"भिशीच. फक्त इथले सभासद तोंडाने मागत नाहीत."

"पण लोकांनी पैसे मगरीला दिलेत. परस्पर कासवाला कसे द्यायचे?"

हे मात्र ताईंना लागले. भिशीतसुद्धा बायकांना विचारूनच नंबर बदलत असे. इथे त्या विचारायचेच विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या तरसालीला, मगरीसाठी सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या दिग्विजयकडे गेल्या.

"आवो मावशी, बेसो," खुर्ची पुढे करत तो गुजरातीत म्हणाला. सगळे ऐकून घेतल्यावर हसला. "मगर बघायला लोक पुलावर गाडी थांबवतात. कासवासाठी कोण थांबतं?"

"तुझ्या पैशांतून मगरींची मोजणी व्हायची आहे, ती पुढच्या वर्षी केली तर चालेल?"

"चालेल."

"ही अंडी पुढच्या वर्षापर्यंत राहणार नाहीत रे."

दिग्विजयने चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या देणगीतले अर्धे घ्या. उरलेल्यात निम्म्या नदीवर तरी मोजणी करू. आणि पुढच्या वेळी पैसे कसे वाटणार ते पेटीवर आधीच लिहा. मागाहून समजवायला येऊ नका."

"लिहीन."

अर्ध्या पैशांत सगळी घरटी झाकली गेली नाहीत. जी झाकली, त्यांतून काही महिन्यांनी पिल्ले बाहेर आली. तात्यासाहेबही नदीवर हजर होते.

"बारशाला आलात, बरं केलंत," ताई म्हणाल्या.

एक पिल्लू उलटेच रस्त्याकडे निघाले होते. तात्यासाहेबांनी वाकून आपली काठी त्याच्यापुढे आडवी धरली आणि ते पाण्याकडे वळेपर्यंत तशीच धरून ठेवली.