‘मीठ कमी’ म्हणजे किती, हे सांगणारे डॉक्टर

डॉक्टर विनायकरावांची पहिली भेट त्यांच्या पवनानगरच्या दवाखान्यात झाली. मी कंपाउंडरच्या कामासाठी गेलो होतो. त्यांनी आधी विचारलं, "जेवलास का?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपला डबा पुढे केला. भाजी पार अळणी! रक्तदाब त्यांनाही होता आणि रोग्यांना सांगत ते स्वतः पाळत. पापड, लोणचं, सुकट खाणाऱ्यांवर तर ते असे तुटून पडत, की लोक तोंड धुऊन तपासून घ्यायला येत.

मावळात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. माझ्या आईनंही पडू दिला नाही, हेच आमचं दुःख.

आई, सोनाबाई, तिकोणा पेठेत राहायची. मी तोवर दवाखान्यातलं काम सोडून लोणावळ्यात नोकरीला लागलो होतो. डॉक्टरांनी तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि म्हणाले, "मीठ कमी करा." आमच्याकडे काशीला गेलेलं माणूस आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून येतं. आईला काशी घडली नाही. तिनं मीठ सोडलं. "डाक्टरांनी सांगितलंय, आता जिभेला लावायचं न्हाई," असं शेजारणींना अभिमानानं सांगायची. भातकापणीच्या उन्हात नुसतं पाणी पीत राबली आणि बरळू लागली. लोणावळ्याच्या रुग्णालयात कळलं, रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. ती घरी परतली नाही.

तेराव्याला डॉक्टर आले. सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "चूक माझी. कमी म्हणजे किती, हे मी सांगितलं नाही. त्या काय जेवतात, तेही विचारलं नाही."

माझे चुलते म्हणाले, "डाक्टर, तुमी कशापायी रडताय? तिची येळ भरली हुती."

"नाही आबा," डॉक्टर म्हणाले. "भरली नव्हती."

मला त्यांचा फार राग आला होता. तो जायला बरेच महिने लागले.

तेव्हापासून डॉक्टर नाडीआधी जेवण विचारतात, उन्हातलं काम विचारतात. मीठ वाईटच का, असं कुणी म्हटलं तर सांगतात, "जास्त वाईट. पार बंद करणं, तेही वाईट. कुणाला किती, ते माणूस पाहून."

या गौरवग्रंथाला त्यांनी एकाच अटीवर होकार दिला. सोनाबाईंची हकीकत छापायची, आणि ती मीच लिहायची. लिहिताना डोळे भरून येताहेत.

डॉक्टर, तुम्ही पंचाहत्तरी पार केलीत, आता धडधाकट शंभरी गाठा. माझी आई गेली ती गेलीच. पण तुमचा शब्द व्रतासारखा पाळणाऱ्या आया मावळात अजून पुष्कळ आहेत. काल काय जेवलात, हे त्यांना विचारायला तुम्ही हवे आहात.