व्हरांड्यातली हिरवी साडी

"माणूस उभा केल्याबिगर घर केवढं हाये हे समजत नाही गा," असं म्हणत तो ब्रशला ओठांनी टोक काढायचा आणि व्हरांड्यात हिरव्या साडीतली एक बाई उभी करायचा. ती उभी राहिली की चित्र संपलं.

अमरावतीत एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात आम्ही दोघं होतो. मी साहेबांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचो. तो त्याच नकाशांवरून उभं, रंगीत घर काढायचा. नुसता नकाशा गिऱ्हाइकाला कळत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. धामणगावच्या एका शेठनं नकाशातला जिना पाहून विचारलं होतं, "घरात शिडी आडवी काहून टाकली?"

नकाशातलं घर चित्रात नेताना तो साहेबांनाही जुमानत नसे. एखादी खिडकी डोळ्यांना खुपली की तिच्यापुढं कडुनिंब उभा. "झाडाआड सगळं लपते, साहेब." फुशारकी तर इतकी, की अर्धं गाव आपणच बांधलं असं तो सांगायचा. मला तो फार आवडायचा.

ती बाई म्हणजे त्याची बायको. राहायची भाड्याच्या एका खोलीत, आणि उभी असायची अमरावती-अकोल्यातल्या नव्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत. "एक दिवस खऱ्या व्हरांड्यात उभी करतो तिले," तो म्हणायचा.

मग अकोल्याच्या एका हौसिंग सोसायटीचं काम आलं. प्लॉटांचा नकाशा मी उतरवला, बंगल्याचं चित्र त्यानं काढलं. दोन्ही सोसायटीच्या ऑफिसात लागली आणि यानं ठरवलं, घर इथंच बांधायचं. बायकोला घेऊन निघाला, मलाही ओढलं. तिनं तीच हिरवी साडी नेसली होती.

सेक्रेटरींनी चहा सांगितला, चित्राची तारीफ केली. हा फुलला. "थे व्हरांड्यात उभी हाये ना, थे हेच!" म्हणून त्यानं बायकोकडं बोट दाखवलं. सगळे हसले. मग अर्जासाठी आडनाव विचारलं गेलं. मग धर्म.

"बौद्ध."

"म्हणजे अगोदरचे कोण?"

"अगोदरबी माणूसच होतो, साहेब."

चहा आलाच नाही. प्लॉट संपले, असं सेक्रेटरींनी अगदी गोड आवाजात सांगितलं. त्यांच्या डोक्यावर माझाच नकाशा लटकत होता, विकलेल्या प्लॉटांत नावं लिहिलेली आणि अर्ध्याहून जास्त प्लॉट कोरे. त्या गोड आवाजाचा मला आजही संताप येतो.

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुमचं काम दाखवायचं होतं. मले काहून दाखवलं?"

आठवड्याभरात चित्र परत आलं. बाई पुसून द्या, असा निरोप होता. साहेब त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "काढून टाक. गिऱ्हाईक आहे." मी हळूच सुचवलं, तिथं कडुनिंब काढ.

"तिले झाडाआड नाही लपवत मी," तो म्हणाला. दाढीचं ब्लेड घेऊन त्यानं तिला खरवडून काढलं. सावकाश, कागद न फाडता. त्या महिन्यानंतर तो ऑफिसात आला नाही. खोलीला कुलूप होतं, आणि कुठं गेले ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढं कामानिमित्त एकदा त्या सोसायटीत जाणं झालं. चित्र तिथंच होतं. व्हरांड्यात पांढरट डाग. मी बराच वेळ पाहत राहिलो. पण तो बंगला आहे की कोंबड्यांचं खुराडं, काही केल्या समजेना.