कॅलेंडरामागची भेग

दुसऱ्याचं घर बघायला गेलं, की घर तिथंच राहतं आणि आपण किस्सा घेऊन परत येतो. माझ्याकडं असे ढीगभर साठलेत.

ऐंशी सालाच्या आसपास मी बेळगावात अण्णांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होतो. अण्णा रिटायर्ड ओव्हरसियर. घर घेण्याआधी किंवा विकण्याआधी लोक ते त्यांना दाखवायचे. पण हा माणूस नेमका कुणाच्या बाजूचा, हे कुणालाच कळायचं नाही. मला तर मुळीच नाही!

* * *

बोरगावात अण्णांनी प्यायला म्हणून तांब्याभर पाणी मागितलं आणि फरशीवर ओतलं. उतार बघायची त्यांची रीत. मालकीणबाई धावत दुसरा तांब्या घेऊन आल्या. अण्णांनी तोही ओतला. तिसऱ्याला त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पावण्यांचं हात लई थरथरत्यात. हे काय घर बघणार?"

* * *

काकतीत तर घोळच! एकाच घरासाठी घेणाऱ्यानं बोलावलं आणि विकणाऱ्यानंही, एकमेकांना न सांगता. अण्णांनी रिपोर्ट एकच लिहिला आणि कॉप्या दोन काढल्या. तुळईला वाळवी! विकणारा भडकला. "चा पाजला की वो तुमास्नी!"

"चा झकास हुता," अण्णा म्हणाले. "तुळई खराब हाय."

त्या गड्यानं चिडून तुळई बदलली. घर लगेच विकलं गेलं, आणि हाच गडी कुंद्याचा डबा घेऊन दारात हजर! मी चक्रावलो.

"अण्णा, आपण नेमकं कुणाकडनं?"

"घराकडनं रं."

मला काही कळलं नाही. कुंदा मात्र खाल्ला.

* * *

अण्णांचा नियम होता, आधी कॅलेंडर उचलायचं. निपाणीत एका खोलीत पाच कॅलेंडरं, सगळी त्याच सालची!

"एवढी कशाला वो?"

"तारीख चुकू ने म्हणून!" घरमालक म्हणाले.

मी पाचही उचलली. पाच भेगा!

* * *

मग अण्णांनी स्वतःचंच घर विकायला काढलं. घेणाऱ्या आक्का नंदगडकडच्या शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. त्यांची जन्माची कमाई त्यात जाणार होती, म्हणून घर तपासायला त्यांनी मला नेलं. गुरूचं घर! खोट सांगितली तर अण्णांचा सौदा मोडणार, लपवली तर आक्का फसणार. भिंतीवर एकच कॅलेंडर होतं. मी ते सोडून खोलीतलं बाकी सगळं तपासत बसलो.

"उचल की रं," अण्णा म्हणाले. "हेच शिकवलं व्हय तुला?"

उचललं. भिंत धडधाकट! दर वेळी चुना मारताना वीतभर जागा तेवढी सोडलेली, आणि तिथं पेन्सिलीनं अण्णांचं अक्षर. "उचललास, बरं केलास. भेग हितं न्हाय, न्हाणीच्या मागं हाय."

आक्कांनी दोनदा वाचलं. "अण्णा, हे कवा लिवलं वो?"

"घर बांधलं तवा."

"म्हंजे इकायचं तवाच ठरलतं?"

"न्हाय आक्का. भेग तवाच पडलती!"