वळत नाही, ब्रेक मारता

"मावशी, तुम्ही वळत नाही, ब्रेक मारता."

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, ओल्या गालिच्यावर, पायांत स्की अडकवून मी उभी असताना हे मला ऐकवण्यात आलं. ऐकवणारी होती घाटकोपरची सव्वीस वर्षांची मुलगी, तिथली शिक्षिका. मी बावन्न वर्षांची, मुलुंडला राहणारी, बँकेत नोकरी करणारी, आणि गेली अठरा वर्षं दर हिवाळ्यात रजा काढून हिमालयात स्कीइंगला जाणारी. आमच्या ग्रुपमध्ये नव्या लोकांना धीर द्यायचं काम माझ्याकडे असतं.

त्या गाळ्यात बर्फ नसतोच. खोलीभर रुंद, उताराला बसवलेला एक गालिचा असतो आणि तो ट्रेडमिलसारखा खालून वर सरकत राहतो. आपण त्यावरून खाली घसरायचं आणि जागच्या जागी राहायचं. समोर भिंतभर आरसा. गेल्या हिवाळ्यात माझा गुडघा फार दुखला. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठीक आहे, तुमची पद्धत कुणाला तरी दाखवा. म्हणून मी आले होते. एखादी बारीक चूक दाखवतील, दोन तासांत घरी जाऊ, असा हिशोब.

"मावशी म्हणू नकोस," मी म्हटलं.

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. तू बर्फ किती दिवस बघितलायस गं?"

"तीन आठवडे," ती म्हणाली. जराही न लाजता. "बाकी सगळं याच गालिच्यावर शिकले. पण गालिचा असो नाहीतर बर्फ, तुम्ही मागे बसताय. खुर्चीत बसल्यासारख्या. आणि खांदे गरकन फिरवून स्की ओढताय. आरशात बघा ना."

मी आरशात बघितलं नाही. बूट काढले, अर्धा तास शिल्लक असताना निघून आले. रिक्षात माझे कान तापले होते. तीन आठवडे! माझे नुसते हातमोजे तिच्यापेक्षा जास्त बर्फात राहिलेत.

घरी आल्यावर जुने व्हिडिओ काढले. सगळ्यांत मागून कुणीतरी ओरडत होतं, "झकास! काय उतरतेयस यार!" आवाज बंद केला आणि फक्त पाय बघितले. एक बाई न दिसणाऱ्या खुर्चीत बसून डोंगर उतरत होती. प्रत्येक वळणावर स्कीची शेपटी फरफटत होती. पाच वर्षांपूर्वीही तेच, दहा वर्षांपूर्वीही तेच.

ग्रुपमधल्या माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला फोन लावला.

"मी मागे बसते हे तुला कधी दिसलं नाही का रे?"

"दिसायचं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"अगं, तू उतरत होतीस की व्यवस्थित. बाईमाणसाच्या मानाने तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी परत अंधेरीला गेले. ती मुलगी मागच्या वेळेबद्दल एक शब्दही बोलली नाही, त्याचाही मला राग आला. तिने माझ्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि स्कीची टोकं जवळ आणून पाय फाकवायला लावले.

"हे पहिल्या दिवशी शिकवतात," मी म्हटलं.

"हो. तिथूनच चुकलंय. नडगी बुटाच्या जिभेवर दाबा. नाही, गुडघा नाही, नडगी. परत. परत."

चार रविवार तेच. तिसऱ्या रविवारी तोल गेला आणि गालिच्याने मला पोत्यासारखं वर ओढत नेलं. तिने धावत जाऊन बटण बंद केलं. कोपर सोललं होतं. मी तिथेच बसून रडायला लागले. दुखत होतं म्हणून नाही, संतापाने.

ती शेजारी येऊन बसली. "तुम्हाला शिकवलं कोणी?"

मग मी तिला ते सांगितलं, जे आजवर घरीही गंमत म्हणूनच सांगत आले होते. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा शिबिराला गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी पुरुषांना वरच्या लांब उतारावर नेलं. आम्ही चार बायका होतो. "लेडीज लोग इधर ही ठीक है," म्हणाले, "बिना गिरे उतर गये, बस." चौथ्या दिवशी मी विचारलं, मी वर येऊ का? तर म्हणाले, पाय मोडला तर घरी पोळ्या कोण करणार? सगळे हसले. आम्ही चौघीही हसलो.

पुढचं सगळं मी ग्रुपमधल्या पुरुषांच्या मागून उतरताना बघून बघून शिकले. आणि मागून माणसाचे खांदे दिसतात, नडग्या दिसत नाहीत.

"तुम्हीपण हसलात?" तिने विचारलं.

"हसले."

"कसले लोक असतात यार!" ती म्हणाली आणि उठून बटणाकडे गेली. "उठा. हात कमरेवर."

फेब्रुवारीत ग्रुपबरोबर बर्फावर गेले. पहिले दोन दिवस वाट लागली. जुनं सुटलेलं, नवं आलेलं नाही. नवशिक्यांच्या उतारावर दोनदा पडले. तो मित्र हात द्यायला आला आणि म्हणाला, "क्लास लावून उगाच बिघडवलंस बघ."

"अठरा वर्षं गप्प होतास," मी म्हटलं. "अजून चार दिवस गप्प राहा."

तो राहिला. जेवतानाही माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बर्फ अजून कडक होता तेव्हा, नडगी बुटाच्या जिभेवर टेकली आणि स्की आपली आपण उजवीकडे वळली. मी काही केलं नव्हतं. ओढलं नाही, फरफटवलं नाही. पुढचं वळण बिघडलं, पण त्याच्या पुढचं परत जमलं. उताराच्या कडेला थांबले. आनंद होईल असं वाटलं होतं. पण इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. एवढंच होतं? एवढंसंच? कुणीही एका वाक्यात सांगू शकलं असतं.

संध्याकाळी गुडघा दुखला नाही.

ग्रुपमधल्या एका बाईने काढलेला माझा व्हिडिओ मी घाटकोपरच्या त्या मुलीला पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "उजवीकडे एक नंबर! डावीकडे वळताना अजून घाबरताय."

मी लिहिलं, "मी? घाबरते?" मग ते खोडलं आणि व्हिडिओ परत लावला. डावीकडचं वळण आलं की मी श्वास धरून ठेवत होते, ते स्पष्ट दिसत होतं. तिला लिहिलं, "रविवारी दहाला येते." आणि फोन जरा जोरातच गादीवर आपटला.