काकांचा तिसरा दोर

माझ्या काकांच्या घराची जादा किल्ली कुठे असते ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. ती मूळ किल्लीच्याच जुडग्यात असते. जुडगं हरवलं की दोन्ही किल्ल्या हरवतात, आणि काका बंद दारासमोर उभे राहून वर ऐटीत सांगतात, "तरी मी जादा करून ठेवली होती!" चष्मे दोन, पण एकाच डबीत कोंबलेले. छत्र्या दोन घेऊन निघतात आणि दोन्ही एकाच बाकावर विसरून येतात.

हे सगळं नोकरीतून आलेलं. काकांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. लिफ्ट कधीच एका दोरावर लटकत नाही, तारेचे चार-पाच दोर असतात आणि बाकीचे तुटले तरी एकटा दोर तिला पेलतो, हे ते पाहुण्याला बूड टेकायच्या आत ऐकवतात. मी एकदा म्हटलं, "काका, जादाची वस्तू वेगळ्या जागी ठेवायची असते हो."

"अगं, लिफ्टचा जादा दोर काय शेजारच्या इमारतीला बांधतात?"



काकू अगदी उलट. तिचं पेन एकच, पर्स एकच, आणि दोन्ही जागच्या जागी सापडतात. तिचा आवाज मात्र दहा जणींना पुरेल असा होता, खणखणीत आणि हसरा. अंध मुलांच्या शाळेसाठी ती गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं सताड उघडून, टांगलेल्या कपड्यांसमोर खुर्ची टाकून बसायची, म्हणजे आवाज घुमत नाही. काका लॅपटॉप सांभाळायचे. नंतर तिच्या चुका, स्वतःचा खोकला आणि खुर्चीची करकर कापून ते सगळं साफ करायचे.

शेवटचं पुस्तक होतं बोटीवर राहणाऱ्या एका मांजराचं. चांगलं जाडजूड. ते वाचून संपलं आणि काकूच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, काकू ठणठणीत झाली, पण जुना आवाज काही परत आला नाही. बोलते भरपूर, त्यात खंड नाही, पण खरखरीत, आणि चार वाक्यांत दम लागतो. तिला आता पुन्हा वाचणं शक्य नव्हतं. शाळेतली मुलं मात्र मांजराची वाट पाहत होती.

काका रेकॉर्डिंग साफ करून शाळेला देणार, तोच लॅपटॉप आतून टकटक करायला लागला. पडद्यावर काही येईना. काकांनी तो बंद केला, चालू केला, परत बंद केला, परत चालू केला, कुशीवर थोपटला. लिफ्टला लागू पडणारे सगळे उपाय थकले तेव्हा मला फोन आला. मी गेल्या गेल्या विचारलं, "कॉपी काढली होती ना?"

"एक सोडून तीन आहेत!"

माझा जीव भांड्यात पडला. "कुठे आहेत?"

काकांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. काकू उठून कपाटाचं दार लावायला गेली. ते लागलेलंच होतं.

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात मी दोघांना घेऊन गेले. तिथल्या ताईने टकटक ऐकली मात्र, हातच वर केला. "आधी बंद करा! असा किती वेळा चालू केलात?"

"दोन-तीनदा," काका म्हणाले.

"दिवसभर," मी म्हणाले.

"आत एक तबकडी फिरते, काका. तिच्यावर ओरखडे पडलेत. चालू कराल तेवढे वाढणार. मी आतला बिघडलेला भाग बदलते आणि चांगल्या जागा आधी वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवते. ओरखड्यांखालचं काय मिळेल, शब्द देत नाही."

परतताना दुकानाच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये चांगलीच कुरकुरली. काकांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा कुठे मला त्यांची दया आली.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत काकूने एकदा पुस्तक उघडून मोठ्याने वाचून बघितलं. अर्ध्या पानावर थांबली आणि म्हणाली, "हे मांजर आहे की करवत?" आम्ही हसलो. तिने पुस्तक मिटून ठेवलं ते परत काढलं नाही.

मग ताईचा निरोप आला. आम्ही तिघं तिच्या टेबलासमोर परीक्षेला बसल्यासारखे बसलो.

"साफ केलेली फाईल गेली," ती म्हणाली. "नेमकी ओरखड्यावर होती. दुसरी कॉपी अर्धीच वाचता येते." काकूने माझा हात धरला. "पण एकच गोष्ट एकाच डिस्कवर तीनदा कशाला ठेवली होती?"

"चुकलं माझं," काका पुटपुटले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

"चुकलंच. पण तिसरी कॉपी चांगल्या जागेत पडली होती. पूर्ण मिळाली."

काकांची मान हळूहळू वर आली. "तिसरा दोर," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"माझ्याकडे बघू नका," मी म्हटलं.

ती तिसरी कॉपी साफसफाईच्या आधीची होती. ताईने ती लावली. काकूचा जुना आवाज दुकानभर झाला. मांजराने बोटीच्या टोकावरून खाली वाकून पाहिलं, आणि लगेच, "अहो, ती खुर्ची हलवू नका म्हटलं ना!" मग काकांची दणदणीत शिंक. मग काकूचं हसणं. वाक्य पुन्हा सुरू करायची, बोटीच्या टोकापर्यंत यायची आणि पुन्हा हसत सुटायची. हे सगळं काका दरवेळी कापून टाकत आले होते. शाळेत तिची इतकी पुस्तकं आहेत, पण एकातही ती हसत नाही.

काकू ऐकता ऐकता हसायला लागली, आताच्या खरखरीत आवाजात. तिची दोन्ही हसणी एका वेळी ऐकू येत होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काका टेबलाची कड धरून बसले होते.

"मुलांना साफ करून द्या," शेवटी काकू म्हणाली. "ही मात्र अशीच राहू दे. कापायची नाही."

"कुठे ठेवू?" काकांनी विचारलं. आजवर त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं.

काकूने माझ्याकडे बोट दाखवलं.

मांजर शाळेत पोचलं. न कापलेली कॉपी माझ्या घरी आहे. काका फोन करकरून विचारत असतात, "नीट आहे ना?" मागून काकूचं खरखरीत "अहो, काम करू द्या तिला" ऐकू येतं. मी म्हणते, अगदी नीट आहे. माझ्या लॅपटॉपवर ती तीन वेगवेगळ्या फोल्डरांत आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.