तीन गिअर मागे, एक पुढे

आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं बिघडवली. पण एक यंत्र दुरुस्त करून जे झालं, ते कुठलंही बिघडवून झालं नाही. सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. ठाण्याला बाळकुमच्या अलीकडे आमची कंपनी. मी मेंटेनन्सला फिटर, वय चोवीस, मिशी नवी आणि तोंड जुनं. डोंबिवलीहून रोज जायचो. थंडीतल्या एका सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेलो तर गेटला कुलूप, कुलपाच्या वर कागद आणि कागदासमोर अख्खी शिफ्ट डबे हातात घेऊन उभी. टाळेबंदी. पहिला दिवस आम्ही सुट्टीसारखा घालवला, पत्ते कुटले. पुढच्या आठवड्यात गेटसमोर ताडपत्री बांधली आणि महिनाभरात तिच्याखाली बसणं हीच आमची नोकरी झाली. मी हजेरी चुकवली नाही. घरी बसलो असतो तर आईने काहीतरी विचारलं असतं.

आत जायला परवानगी दोघांनाच. एक वॉचमन, साताऱ्याकडचा रिटायर्ड फौजी, त्याला सगळे मेजर म्हणायचे. दुसरा माळी, बाळकुमचाच आगरी, आमचा दादूस.

गेट आणि शेड यांच्यामध्ये मोठी हिरवळ होती. कोणे एके काळी परदेशी साहेब होता, त्याने ती लावली आणि ती कापायला बोटीतून एक छोटा ट्रॅक्टर आणला. लाल रंगाचा, गुडघ्याएवढी चाकं, पोटाखाली गवत कापायचं फिरतं पातं. लहान मुलाच्या जत्रेतल्या गाडीवर मोठा माणूस बसावा तसा दादूस त्यावर दिसायचा. साहेब गेला, ट्रॅक्टर राहिला. पण खरी गंमत त्या जमिनीची. हिरवळ होती तिथे पूर्वी दादूसच्या बापाचं भाताचं शेत होतं. शेत कंपनीत गेलं, त्याबद्दल मुलाला नोकरी मिळाली. म्हणजे या माणसाने पंचवीसएक वर्षं बापाच्या शेतात गवत कापलं, आणि तेही यायच्या-जायच्या वेळी कार्ड पंच करून.

टाळेबंदीत त्याचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. मी एकदा गजांतून विचारलं, दादूस, कोण बघायला येतंय, कशाला घाम गाळतोस? तो म्हणाला, "मालक येल तवा गेटातून पयलं काय बगल? गवत. वाढलेलं असंल तर बोलंल, मेली कंपनी. कापलेलं असंल तर बोलंल, अजून मानसं हायेत."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी आल्यावर प्रत्येक जण आधी गवताकडे बघायचा, मग ताडपत्रीखाली बसायचा. मीसुद्धा.

आषाढात, गवत दिवसाला बोटभर वाढत असताना, ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. सिलिंडरला तडा. त्याचे पार्ट साहेबाच्या देशातसुद्धा मिळत नसतील. दादूस दोन दिवस विळा घेऊन बसला. तेवढी हिरवळ विळ्याने म्हणजे खाडी वाटीने उपसण्यासारखं. तिसऱ्या दिवशी तो गेटशी आला, गज धरून उभा राहिला. बाहेर आम्ही तीसेक फिटर-टर्नर हात चोळत बसलेलो. कामाला हपापलेले हात ते. ठरलं, दुसरं इंजिन बसवायचं.

शीळफाट्याला भंगारवाल्याकडे रॉकेलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचं इंजिन मिळालं. गोणपाटात बांधून टेम्पोने आणलं. आता नाटकाचा पहिला प्रवेश. आम्हाला आत जायला बंदी. ट्रॅक्टर कंपनीची मालमत्ता, म्हणून त्याला बाहेर यायला बंदी. मेजरने हुकमाचा कागद काढून दोनदा वाचला आणि म्हणाला, "कामगार आत सोडायचा न्हाई असं लिवलंय. इंजिनाचं काय लिवल्यालं न्हाई." त्याने छोटं दार हातभर उघडलं, आम्ही इंजिन आत सरकवलं, त्याने दार लावलं आणि तोंड फिरवून तंबाखू मळायला लागला.

दादूसने ट्रॅक्टर ढकलत आणून त्याचं नाक गेटला टेकवलं. बाहेरून गजांतून आमचे हात, आतून त्याचे. माझा हात खांद्यापर्यंत जायचा, त्यापुढे पान्याची लांबी. जिथे पाना पोचेना तिथे आम्ही ओरडायचं आणि दादूसने फिरवायचं. तीस जणांच्या तीस सूचना. तो म्हणायचा, "एक कोनतरी बोला रं, मी एकटाच हाय." इंजिनाखालच्या पट्ट्या आम्ही बाहेर कापल्या, भोकं पाडली, गजांतून आत दिल्या. तीन दिवस लागले. सहा महिन्यांत आम्ही एवढे खूश कधी नव्हतो.

इंजिन घेण्याआधी मी एक शहाणपण केलं होतं. दादूसला विचारून ठेवलं होतं, जुनं इंजिन कुठल्या बाजूला फिरायचं? त्याने हाताने उजवीकडे वर्तुळ काढून दाखवलं. तसंच फिरणारं इंजिन मी मुद्दाम निवडून आणलं.

दादूस सीटवर बसला. दोरी गुंडाळली, खेचली, इंजिन धडधडलं, पांढरा धूर आमच्या तोंडावर आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागे गेला. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे गेला. तिसऱ्यात तो थेट शेडच्या पायऱ्यांपर्यंत पोचला, तोंड आमच्याकडे आणि चेहरा असा, जणू कोणी गचांडी धरून ओढत नेतंय.

माझ्या डोक्यात उजेड पडला. तो सीटवर बसून इंजिन बघायचा, मी नाकासमोर उभा राहून. त्याचं उजवं ते माझं डावं. इंजिन उलटं फिरत होतं. ट्रॅक्टरला तीन गिअर मागे जायचे झाले आणि एक पुढे जायचा, तोही मुंगीच्या चालीचा. गेटबाहेर माणसं लोळून हसली. दादूसही हसला.

पातंही उलटं फिरायला लागलं होतं. त्याला दुसऱ्या बाजूने धार लावून दिली. इंजिनाचं नंतर बघू म्हटलं. पण कोणीतरी वर कळवलं असणार, कारण दोन दिवसांत मेजरला नवा कागद आला. गेटमधून कुठलीही वस्तू आत-बाहेर करायची नाही. या खेपेला त्यात सगळं लिहिलेलं होतं.

मग दादूस अख्खी हिरवळ उलटी कापू लागला. मान खांद्यावरून मागे वळवलेली, एक हात सीटच्या पाठीवर. महिन्याभरात त्याची मान तशीच राहायला लागली. समोरच्याशी बोलताना अख्खा माणूस वळायचा. पण गवत असं कापायचा की इस्त्री केलेलं वाटावं.

श्रावणात पांढरी मोटार आली. मालक आणि त्याच्यासोबत दोन अनोळखी माणसं, बगलेत गुंडाळलेला नकाशा. आम्ही ताडपत्रीखालून उठून उभे राहिलो, कोणी शर्टाची बटणं लावली. दादूस नेमका ट्रॅक्टरवर. तो त्यांच्यासमोरून उलटा गेला, ती माणसं हसली, त्यांनी त्याला थांबवलं. गवत दाखवत काहीतरी बोलली. दादूस खाली उतरला आणि हात करकरून सांगायला लागला.

नंतर गेटशी येऊन त्याने सगळं सांगितलं, चेहरा नुसता फुललेला. त्यांनी विचारलं, पावसात इथे पाणी साचतं का? तो म्हणाला, थेंब नाही राहत, आमच्या बापाने उतार काढलेला आहे. त्यांनी विचारलं, खाली काय लागतं? हा म्हणाला, दोन हात माती, मग मुरूम, मग काळा दगड, बापाने विहीर खणताना सुरुंग लावलेले. "एवढं कोन इचारतं रं?" तो म्हणाला. "कंपनी चालवायचीच हाय त्यांना, म्हनून इचारतात."

त्या संध्याकाळी ताडपत्रीखाली पेढे वाटले.

भाद्रपदात भोकं पाडायचं यंत्र आलं. आम्ही म्हटलं, नवी शेड. दादूस भोकांना वळसे घालून कापत राहिला. मग हिरवळीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या, चौकोनात चौकोन. एके दिवशी तो गेटशी आला, अख्खा वळून माझ्यासमोर उभा राहिला. "ए डोंबोली," तो मला असंच म्हणायचा, "शेडमदी लिफ्ट कशाला लागतंय? ते बोलत हुते, हितं लिफ्ट येल."

मी डोंबिवलीचा. चाळी पाडून इमारती उठताना मी रोज बघत होतो. मला त्याच क्षणी कळलं. आणि आयुष्यभर तोंड चालवणारा मी, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "माल उचलायची लिफ्ट असेल, दादूस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अख्खा वळून शेडकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून इंजिनाचा आवाज आला नाही. रॉकेल संपलं असेल, कोणीतरी म्हणालं. गवत घोट्याला लागलं, मग पोटरीला. सकाळी येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा आणि पत्ते वाटायला घ्यायचा. फक्कीच्या रेघा गवतात दिसेनाशा झाल्या.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. यंत्रं आत, आम्ही बाहेर. एक हार कुलपाला घातला. मग मीच म्हटलं, एक यंत्र तरी गेटपर्यंत येऊ शकतं, आणि दादूसला हाक मारली.

बऱ्याच वेळाने इंजिन धडधडलं. या खेपेला तो उलटा आला नाही. तो एकच पुढचा गिअर टाकून, आमच्याकडे तोंड करून, गुडघाभर गवतातून मुंगीच्या चालीने आला. शेडपासून गेटपर्यंत यायला इतका वेळ लागला की कोणाला कुठे बघावं कळेना. नाक गजाला टेकलं, त्याने इंजिन बंद केलं. मी गजांतून हार दिला. त्याने तो ट्रॅक्टरला घातला, हात जोडले, इंजिन चालू करायची दोरी सोडवली, गुंडाळली आणि त्याच फटीतून माझ्या हातात दिली.

"मी सांगतलं त्यांना," तो म्हणाला. "पानी साचत नाय म्हनून. मीच सांगतलं."

मेजर दुसरीकडे बघत होता. मला म्हणायचं होतं, तुझ्या सांगण्याने काय होतं, ते आधीच ठरलेलं असणार. ते बहुधा खरंही होतं. मी बोललो नाही, कारण आदल्या महिन्यात मी जे बोललो होतो ते खोटं होतं आणि ते त्याला माहीत होतं.

दिवाळीनंतर आम्ही ताडपत्री सोडली. आता तिथे चार टॉवर आहेत आणि मधोमध हिरवळ. पावसात पाणी अजिबात साचत नाही, असं तिथे राहणारे कौतुकाने सांगतात. ती दोरी आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली होती. चांगली आठ-दहा वर्षं टिकली.