हिरवे कोपरे

"आधी टेक्स्ट, मग आकडे." कम्प्यूटरसमोर बसले की बाबूजी हे स्वतःलाच बजावायचे. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकेल इतकं वाकलेलं, अख्खा रकाना निवडून तो टेक्स्ट, म्हणजे अक्षरांचा, करायचा, आणि मगच पहिला नंबर: ०१. तसं केलं नाही तर कम्प्यूटर पुढचं शून्य गिळतो आणि नुसता १ ठेवतो.

तुमच्याही शाळेत असा एखादा कारकून असेल, ज्याला मुलं तोंडाने नाही, रजिस्टरातल्या नंबराने आठवतात. आमचे बाबूजी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, शिंदे की छावनी या वस्तीतल्या एका लहान मराठी शाळेत होते. मी तिथलीच विद्यार्थिनी. पुढे आंदोलनात पडले, पत्रकं लिहायला लागले. मी दिसले की ते म्हणत, "काय पत्रकवाली, आज कोणाची खैर नाही?"

लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करायचं वरून ठरलं. ठरवणाऱ्यांपैकी एकानेही आमच्या शाळेचा जिना चढला नव्हता. आम्हाला इंदरगंजच्या एका मोठ्या शाळेत ढकलणार होते. मी चौकात पत्रकं वाटत होते, धरण्याला माणसं गोळा करत होते. बाबूजी मात्र जागचे हलेनात.

"बाबूजी, शाळा जाऊन राहिली आहे आणि तुम्ही शून्यं कसली मोजताय?"

"तू शाळा वाचव. मी नावं वाचवतो."

आमच्या शाळेत प्रत्येक नंबराआधी एक शून्य लिहायची जुनी पद्धत होती. मोठ्या शाळेत नुसता नंबर. दोन्ही याद्या एक झाल्या की ०२१२ आमचा आणि २१२ त्यांचा, हे सांगायला तेवढं एक शून्यच उरणार होतं. मला तेव्हा हे फालतू वाटलं. खरं सांगते, थोडी कीवही आली.

शेवटच्या दिवशी सामान न्यायला टेम्पो आला. बाबूजी किल्ल्या सोपवायला गेले. "तेवढी फाईल पेनड्राइव्हवर घे गं," म्हणाले. मी फाईल उघडली. नंबरांच्या रकान्यात प्रत्येक घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. कम्प्यूटर चूक दाखवत होता, दुरुस्त करू का विचारत होता. वाटलं, म्हाताऱ्याने अख्खा रकाना चुकवला. एक क्लिक केलं, सगळे कोपरे साफ. फाईल घेतली, कम्प्यूटर टेम्पोत चढला. मदत केल्याचा आनंदसुद्धा झाला मला.

काही महिन्यांनी आमच्या शाळेची एक मुलगी बाबूजींच्या दारात उभी राहिली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला टी.सी.ची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याची, दुसरी प्रत हवी होती. मोठ्या शाळेत सांगितलं, "कम्प्यूटर में नाम ही नहीं है." याद्या एकत्र करताना एकाच नंबराची दोन नावं निघाली, म्हणून दुसरं नाव सरळ उडवलं होतं. यादीत आमची सगळीच मुलं दुसरी.

"मग मी शिकलेच नाही का, सर?" तिने विचारलं.

बाबूजींनी मोठ्या शाळेच्या कोठीतून आमचं जुनं रजिस्टर हुडकलं, अर्जांवर अर्ज केले. कागद हातात येईपर्यंत प्रवेश बंद झाले होते.

मी पेटले. 'आमची मुलं कोणी पुसली?' असं पत्रक लिहिलं आणि छापायच्या आधी बाबूजींना दाखवायला नेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"त्या दिवशी हिरवे कोपरे दिसले होते का तुला?"

"हो. ते तर मी नीट केले." बोलता बोलताच उमगलं, कोपऱ्यांबरोबर पुढची शून्यंही मीच पुसली होती.

बाबूजींनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "हं. घाई होती त्या दिवशी," म्हणाले. पुन्हा कधीच तो विषय काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मोठ्या शाळेच्या कोठीत एक जुना कम्प्यूटर मागून घेऊन निवृत्त बाबूजी रोज दुपारी नावं पुन्हा भरायला बसू लागले. एका डोळ्यात मोतीबिंदू.

"मी लिहिते, बाबूजी."

"नको. तू वाच, मी लिहितो."

मी वाचायचे, "आठशे बारा..."

"शून्य म्हण."

"शून्य आठशे बारा."

"आता बरोबर." कोपरा हिरवा व्हायचा. "कम्प्यूटरला चूक वाटू दे," ते म्हणत. "आपल्याला माहीत आहे ना."

थंडीत त्यांची छाती कफाने भरली. आठवडाभर दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तर विचारलं, "कितीवर आलो?" मी सांगितलं, "शून्य नऊशे सहा." त्यांनी मान हलवली. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मी कोठीत गेले. फाईल उघडली. हिरव्या कोपऱ्यांची रांग ०९०६ पर्यंत येऊन थांबली होती. खाली रिकामी घरं. मी भीतभीत ०९०७ लिहिलं. शून्य गेलं नाही. बाबूजींनी रकाना अगदी खालपर्यंत आधीच टेक्स्ट करून ठेवला होता.

कोपरा हिरवा झाला. शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी मी नंबर मोठ्याने वाचला, शून्यासकट.